सासरे गॅलरीत बिडी ओढतात, दार उघडं, बाळाच्या छातीत घरघर. कसं बोलू?

गवतीचहा:
नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही कल्याणला राहतो, वन बीएचके. मी, नवरा, आठ महिन्यांची मुलगी आणि सासू-सासरे. सासरे एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर, बिडीची सवय नाइट आउटच्या ड्युट्यांपासूनची. माणूस म्हणून सोनं आहेत, नातीला मांडीवर घेऊन तासन्तास खेळवतात, मी ऑफिसला जाते ती त्यांच्या आणि आईंच्या जिवावरच. पण बिडी ओढतात हॉलच्या गॅलरीत आणि स्लायडिंगचं दार उघडं ठेवूनच, कारण आत टीव्हीवर बातम्या चालू असतात आणि त्या ऐकायच्या असतात. म्हणजे पाय गॅलरीत, कान हॉलमध्ये आणि धूर अख्ख्या घरात. बाळाचे कपडे पण त्याच गॅलरीत वाळत असतात, वर पंखा चालू म्हणजे बघायलाच नको.

थंडीपासून मुलीला सारखी सर्दी, छातीत घरघर, मध्ये तर नेब्युलायझरची वाफ द्यावी लागली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, घरात कोणी ओढतं का. मी नवऱ्याकडे बघितलं, नवरा त्यांच्या क्लिनिकमधल्या फिशटँककडे.

आई म्हणतात आमची दोन पोरं ह्याच धुरात वाढली, काय झालं त्यांना. आणि ह्याच आई एरवी कौतुकाने सांगतात की हा लहानपणी फार बारकुडा होता, रात्र रात्र खोकायचा, जत्रेतलं औषध आणून पाजलं तेव्हा कुठे थांबला. आता बोला.

तर विचारायचं असं की दार लावून गॅलरीत ओढली तर पुरेसं आहे का? एअर प्युरिफायर घ्यायचा विचार करतोय, बारा-पंधरा हजार जातील, उपयोग होतो का त्याचा? आणि मेन म्हणजे हे बोलायचं कोणी आणि कसं, मी सून, मी बोलले की विषय बिडीचा राहत नाही.

वॉर्डातली_ताई:
मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून हात शिवशिवले, लांबलं तर माफ करा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ओढणारा जो धूर बाहेर सोडतो तो खोलीतल्या धुराचा लहान हिस्सा. मोठा हिस्सा, साधारण 85 टक्के, हा बोटात धरलेल्या बिडी-सिगरेटचं टोक नुसतं जळत असतं त्याचा. तो फिल्टरमधून नाही जात, कोणाच्या फुप्फुसातून नाही जात, सरळ हवेत येतो आणि वजनाला वजन लावलं तर जास्त विषारी असतो. तंबाखूच्या धुरात 7000 वर रसायनं सापडलेली आहेत, त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. त्यामुळे "मी तोंड बाहेर करून सोडतो" ह्याला फारसा अर्थ नाही.

बाळाचं वेगळं काय, तर श्वासनलिका बारीक आणि श्वासाचा वेग आपल्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, म्हणजे त्याच खोलीत बसून ती तिच्या वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा खूप जास्त हवा आत घेते. घरात धूर असलेल्या मुलांना ब्राँकायटिस, न्यूमोनिया, कान फुटणं, दम्याचे अ‍ॅटॅक हे सगळं जास्त होतं आणि झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोकाही वाढतो. घाबरवत नाहीये, पण हे सगळं पक्कं सिद्ध झालेलं आहे, व्हॉट्सॅपवरचं नाही. तुमच्या मुलीचा कान कधी वाहिलाय का तेही डॉक्टरांना सांगा.

आता तुमचे प्रश्न. स्वीडनमध्ये 2004 साली एक अभ्यास छापून आला, लहान मुलांच्या लघवीतलं कोटिनीन मोजलं त्यांनी (निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनीन बनतं, लघवीत सापडतं, त्यामुळे कोणी "आमच्या घरात कुठे धूर" म्हणू शकत नाही). आईबाप घराबाहेर आणि दार बंद करून ओढत होते त्या मुलांचं कोटिनीन न ओढणाऱ्यांच्या मुलांच्या साधारण दुप्पट निघालं, आणि घरात ओढणाऱ्यांच्या मुलांचं पंधरापट. म्हणजे दार बंद ह्या एका गोष्टीने प्रचंड फरक पडतो, पण शून्य होत नाही. शून्य का होत नाही तर ओढून आलेला माणूस मिनिटभर श्वासातून धूर सोडत असतो आणि त्याचे कपडे, मिशा, बोटं ह्यावर चिकटलेलं असतंच. तुमची मुलगी आता रांगायला लागली असेल ना? फरशी, सोफा, पडदा, सगळं हाताने तोंडात.

प्युरिफायर: हेपा फिल्टर कण पकडतो, कार्बन मोनॉक्साइड वगैरे वायू नाही पकडत, आणि कण तरी मशीनपर्यंत पोचायला वेळ लागतोच, तोवर ते पोराच्या नाकात. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारचा सार्वजनिक आरोग्याचा प्रमुख डॉक्टर) 2006 च्या अहवालात स्वच्छ लिहिलंय की वेगळी खोली, खिडक्या उघडणं, हवा गाळणं ह्यातल्या कशानेच धूर पूर्ण जात नाही आणि धोका नसलेली अशी कुठली पातळी नाही. बारा हजार वाचवा.

तोवर करायचं म्हणजे बाबांचा एक बिडीचा शर्ट ठेवा, बाहेर खुंटीला, ओढताना तोच घालायचा, आत येताना काढायचा, हात तोंड धुवून थोडा वेळ थांबून मग नातीला घ्यायचं. बाळाचे कपडे दुसरीकडे वाळवा. आणि पंप किंवा वाफ डॉक्टरांनी सांगितलेली आपल्या मनाने बंद करू नका, ते फार लोक करतात.

स्पष्टवक्ता_७१:
आता येतील सगळे बिडीवर तुटून पडायला. कल्याण-डोंबिवलीची हवा बघितलीय का? रस्त्याची धूळ, केमिकल कंपन्या, डिझेल, त्यात रोज संध्याकाळी घरोघरी अगरबत्ती, मच्छर कॉइल. आणि दोष कोणाला तर म्हाताऱ्याच्या एका बिडीला. आमचे आजोबा चिलीम ओढत, ब्याण्णव वर्षं जगले.

वॉर्डातली_ताई:
@स्पष्टवक्ता, कॉइलचं तुमचं बरोबर आहे आणि ते बरं झालं तुम्ही काढलंत. बंद खोलीत एक कॉइल जळली की जे बारीक कण निघतात ते शंभरेक सिगरेटींच्या कणांएवढे असतात, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉक्टरांनी हे किती वेळा सांगितलंय. गवतीचहा, तुमच्याकडे कॉइल लावत असाल तर आजच बंद करा आणि मच्छरदाणी लावा, अगरबत्ती धूप पण बाळाच्या खोलीत नको.

पण बाहेरची हवा वाईट म्हणून घरातली पण वाईट चालेल हे कुठलं गणित? बाहेरची हवा आपल्या हातात नाही, गॅलरीचं दार आहे.

कऱ्हाडची_माई:
मला बिडीचा अनुभव नाही पण मशेरीचा आहे. आमची आजी चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजायची, काळी होईपर्यंत, मग चोळून डबीत. ज्या दिवशी मशेरी भाजली त्या दिवशी अख्खा वाडा ठसकायचा, आम्ही पोरं ओढ्यावर पळायचो आणि घरात असायची ती पाळण्यातली आणि बाळंतीण. तेव्हा कोणाला वाटायचं नाही ह्यात काही आहे म्हणून. अजून गावाकडे भाजतात बरं का.

तुझ्या मेन प्रश्नावर येते बाई. तू बोलू नकोस. हे तुझ्या नवऱ्याचं काम आहे, बाप त्याचा आहे. तू बोललीस तर "सून आल्यापासून माझी बिडी खुपायला लागली" असं होणार आणि सासू त्यांच्या बाजूने उभी राहणार, तिचा पण इलाज नाही. नवरा फिशटँक बघत बसला तर त्याला सांग, मासे नंतर बघ.

आणि दुसरं म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना सासऱ्यांनाच घेऊन जा. नातीला त्यांच्याच मांडीवर बसव. डॉक्टरला आधी फोन करून सांगून ठेव की आजोबा येणार आहेत, जरा समजावा. पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलेलं त्या पिढीला लागतं, त्यात कोणाचा अपमान होत नाही आणि घरी आल्यावर कोणी कोणाला काही म्हटलं असंही होत नाही.

दादरकर_काका:
मी तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा आणि स्वतः ओढणारा, बिडी नाही सिगरेट, अजूनही ओढतो, म्हणून त्यांची बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, "सोडा" हा शब्द काढूच नका. ज्या दिवशी सोडा म्हणाल त्या दिवशी भांडण, आणि पोरगी धुरातच. आमच्याकडे मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा तिने एवढंच सांगितलं, बाबा किती ओढायच्या त्या ओढा पण उंबऱ्याच्या आत नाही. मी फुगून बसलो, जेवलो नाही धड, मग गपचूप खाली जायला लागलो. मागणी लहान होती म्हणून मानता आली.

दुसरी गोष्ट, ते दार उघडं का ठेवतात ते तुम्हीच लिहिलंय. टीव्ही! मग बातम्या बाहेर न्या की. मोबाइलवर बातम्या लावून द्या, कानाला हेडफोन लावत नसतील तर छोटा रेडिओ आणा. गॅलरी सोडवायची असेल तर खाली कट्टा असेल, दोन समवयस्क असतील तिथे, खुर्ची नेऊन ठेवा. ओढणाऱ्याला जागा लागते हो, नुसतं "इथे नाही" म्हटलं की तो बाथरूममध्ये ओढतो, एक्झॉस्ट लावून, ते तर अजून वाईट.

आणि पावसाळ्याचं आत्ताच ठरवा. आता उन्हाळ्यात खाली जातील हौसेने, जूनमध्ये धो धो पाऊस लागला की पुन्हा गॅलरी आणि पुन्हा दार. रात्रीची एक असते ती वेगळी, रात्री दोन वाजता चार जिने उतरून कोणी जात नाही. ह्या दोन वेळांचं काय, ते त्यांनाच विचारा, त्यांनी स्वतः तोंडाने सांगितलेलं ते पाळतील.

बिडीबद्दल एक, लोकांना वाटतं तंबाखू कमी म्हणजे सौम्य. उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते, झुरके सारखे आणि जोरात मारावे लागतात नाहीतर विझते, त्यात विझली की परत काडी. म्हणजे ते एका बिडीला किती वेळ दारात उभे असतात बघा एकदा.

कलम_चार:
कायद्याचं कोणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण अशा धाग्यावर शेवटी कोणीतरी "पोलीस कम्प्लेंट करा" लिहितोच. 2003 च्या कोटपा म्हणजे तंबाखू नियंत्रणाच्या कायद्याच्या कलम 4 ने सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, 2 ऑक्टोबर 2008 पासून नियम कडक झाले, दंड 200 रुपयांपर्यंत. त्याआधी मुरली देवरा (मुंबईचे माजी महापौर) सुप्रीम कोर्टात गेले होते आणि नोव्हेंबर 2001 मध्ये कोर्टाने ऑडिटोरियम, दवाखाने, शाळा-कॉलेज, लायब्ररी, कोर्ट, सरकारी ऑफिसं, बस-ट्रेन ह्या ठिकाणी बंदीचा आदेश दिला. गोव्याने तर 1997 लाच स्वतःचा कायदा केला होता, थुंकण्यासकट. पण ह्यातलं काहीही तुमच्या हॉलमध्ये येत नाही. स्वतःचं घर ते स्वतःचं घर.

तरी एक आशादायक. देशभराचा जो मोठा तंबाखू सर्व्हे होतो, दुसऱ्या वेळचा देवनारच्या टिसने (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) केला होता, त्यात घरात दुसऱ्याचा धूर लागणारे प्रौढ 2009-10 ला 52.3 टक्के होते आणि 2016-17 ला 38.7. कुठलाही इन्स्पेक्टर घरात न शिरता एवढे खाली आले. घराघरात कोणीतरी बोललं असणार, दुसरं काय.

डक्टवाली:
जरा अवांतर, आमच्याकडे घरात कोणीच ओढत नाही पण खालच्या मजल्यावरचे बाथरूममध्ये ओढतात आणि सगळं डक्टमधून आमच्या बाथरूममध्ये. काही उपाय?

कलम_चार:
@डक्टवाली, आधी गोडीत बोला, निम्म्या लोकांना माहीतच नसतं धूर वर जातो ते. डक्टकडच्या खिडकीला एक्झॉस्ट असेल तर त्याला उलटी हवा अडवणारी झडप बसवून घ्या, पाइपाभोवतीच्या फटी सिलिकॉनने बुजवा. मग सोसायटीच्या सभेत विषय काढा. वेगळा धागा काढा हवा तर, इथे बाळाचं चाललंय.

अबोली_म:
सगळे बाळाबद्दल बोलतायत ते बरोबरच आहे, पण मला एक कळत नाही, सासूबाईंचं काय? त्या माऊलीने किती वर्षं तो धूर खाल्लाय? बाळाचे आठ महिने, सुनेची दोन-तीन वर्षं, त्यांचा जन्म गेला आणि त्याच बाजू घेतायत.

जपानमध्ये हिरायामा नावाच्या शास्त्रज्ञाने 91 हजारांवर न ओढणाऱ्या बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली होती, 1981 ला छापलं. ज्यांचे नवरे खूप ओढायचे त्या बायकांना फुप्फुसाचा कॅन्सर जास्त झाला होता. सिगरेट कंपन्यांनी तेव्हा खूप आरडाओरडा केला पण पुढे कितीतरी अभ्यासांत तेच निघालं, घरात ओढणारा असेल तर न ओढणाऱ्याचा धोका 20 ते 30 टक्क्यांनी वाढतो, हार्टचा पण तेवढाच. आईंना खोकला आहे का? त्यांची छाती कधी दाखवलीय?

गवतीचहा:
बापरे एवढे रिप्लाय. सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचा तर मी नवऱ्याला वाचूनच दाखवला.

अबोली, तुमचं वाचून मी एकदम गप्प झाले. आईंना खोकला आहे. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबतात, भाजीची पिशवी खाली ठेवतात आणि म्हणतात वय झालं. वय काय तर एकसष्ट. आम्ही कोणीच कधी तसा विचार केला नव्हता. आई स्वतः तर नाहीच.

आता झालं काय ते सांगते. माईंचं ऐकून परवा बाबांना घेऊनच डॉक्टरकडे गेलो, फोन करून ठेवला होता. डॉक्टरांनी फार काही लेक्चर दिलं नाही, स्टेथोस्कोप बाबांच्या कानाला लावला आणि मुलीच्या पाठीवर ठेवला. म्हणाले ऐका आजोबा. बाबा बराच वेळ ऐकत राहिले. रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर नवऱ्याने दादरकर काकांनी लिहिलं तसंच सांगितलं, सोडा वगैरे नाही, फक्त आत नको आणि गॅलरीत पण नको. बाबा म्हणाले बरं. एवढंच. आईच उलट चिडल्या, की ह्या वयात त्यांना जिने चढउतर करायला लावताय, गुडघे कोणाचे दुखणार. त्यावर बाबाच त्यांना म्हणाले, तू गप.

खाली वॉचमनच्या खोलीबाहेर खुर्ची ठेवलीय. दिवसा जातात. आपोआप कमी पण झाल्यात थोड्या कारण प्रत्येक वेळी तीन मजले उतरायचा कंटाळा येतो. शर्टाचं मात्र ऐकत नाहीत, म्हणतात मी काय अस्पृश्य आहे का, ते राहू दे सध्या. आणि रात्रीची बिडी गॅलरीतच होते, दार लावून घेतात, पण पहाटे मला वास येतोच. पावसाळ्याचं विचारलं तर म्हणाले बघू.

कऱ्हाडची_माई:
"बघू" म्हणजे निम्मं झालं. शर्टाचं तू नको सांगूस, नातीला आंघोळ घातल्यावर त्यांच्याकडे देताना "बाबा हात धुताय ना" एवढंच म्हण. सासूला मात्र छातीच्या डॉक्टरकडे ने, त्या नाही म्हणतील, तरी ने.

स्पष्टवक्ता_७१:
स्टेथोस्कोपची आयडिया आवडली. आमच्याकडची कॉइल बंद केली आहे, ताईंना कळावे.

वॉर्डातली_ताई:
😊 मच्छरदाणी लावलीत ना पण? नाहीतर डेंग्यूचे म्हणून आमच्याकडेच याल.

गवतीचहा, मुलीची घरघर लगेच थांबली नाही तर "बघा, काही उपयोग झाला नाही" असं कोणी म्हणेल घरात, तेव्हा आधीच सांगून ठेवते, ह्या वयात सर्दीच्या व्हायरसनेही घरघर होते, वारंवार होते. धूर कमी झाला म्हणून पुढची सर्दी येणारच नाही असं नाही, ती छातीत किती उतरते आणि किती रेंगाळते ह्यात फरक पडतो. स्कॉटलंडमध्ये मार्च 2006 ला सार्वजनिक ठिकाणी बंदी आली, त्याआधी दम्याने अ‍ॅडमिट होणारी मुलं दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढत होती, नंतर वर्षाला अठरा टक्क्यांनी कमी व्हायला लागली. आणि लोक तिथे ओढत होतेच, पण पोरांच्या नाकाजवळ कमी. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, दूध ओढता येत नसेल, ओठ निळसर दिसले तर वाफ देत घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल.

दादरकर_काका:
रात्रीच्या बिडीवर एक उपाय आहे, सोडा न म्हणता. निकोटिनची च्युइंगगम, दोन मिलिग्रॅमची औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. मी लोकलच्या प्रवासात तीच वापरतो. बाबांना म्हणा ही बिडी सोडण्यासाठी नाही, फक्त रात्री जिना उतरायचा नसेल तेव्हाची. साध्या गमसारखी चावत सुटायचं नाही, थोडी चावायची, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायची, झणझण गेली की परत. नाहीतर उचक्या लागतात आणि पोटात मळमळतं. आणि कधी त्यांच्याच मनात आलं तर बिडीच्या बंडलावरच नंबर छापलेला असतो, 1800-11-2356, फुकट आहे, फोनवर माणूस बोलतो, ओरडत नाही.

गवतीचहा:
काका आयडिया छान आहे पण बाबांना वरची खालची दोन्ही कवळी आहे. चालेल का गम?

दादरकर_काका:
अरे हो, कवळीला चिकटते ती. आमच्या मेहुण्यांची तर कवळीच गमसकट बाहेर आली होती लग्नात. चघळायच्या गोळ्या पण मिळतात निकोटिनच्या, आणि दंडाला लावायचा पॅच असतो. बीपी, हार्टचं काही आहे का त्यांना? असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गवतीचहा:
बीपी आहे. सोमवारी आईंना छातीच्या डॉक्टरकडे नेतेय, तिथेच विचारते दोघांचं.